पाकिटावर एक, आत एक

त्या इमारतीत कुत्रं किंवा मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाने सुपरवायझरांचं व्याख्यान एकदा तरी ऐकलेलं होतं. जिन्यात गाठून, हातातली कचऱ्याची पिशवी खाली ठेवायला लावून ते सुरू करत. वेफर्सचं रिकामं पाकीट तसंच टाकायचं नाही. कात्रीने दोन्ही बाजू उभ्या कापायच्या आणि सपाट करून टाकायचं, नाहीतर तळाचा चुरा चाटायला कुत्रं आत तोंड घालतं आणि श्वास ओढला की पाकीट त्याच्या नाकातोंडाला चिकटून बसतं. पत्र्याच्या डब्याचं कापलेलं झाकण डब्याच्या आत ढकलून वरून डबा चेपायचा. केकच्या खोक्याची रिबीन मांजरासमोर नाचवून फोटो काढायचे नाहीत. ऐकणारा मान डोलवायचा, आणि सुटका झाली की दोन-दोन पायऱ्या उतरून पळायचा.

पण व्याख्यान द्यायचा त्यांना अधिकार होता, हे मान्य करायला हवं. त्यांचा उभा जन्म बिस्किटं आणि गोळ्या बनवणाऱ्या कारखान्याच्या पॅकिंग खात्यात गेला होता. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, हुद्दा तेवढा अंगाला चिकटून राहिला. दूधवाल्यापासून शेजारच्या आजींपर्यंत सगळे त्यांना सुपरवायझरच म्हणत. स्वतःच्या घरात त्यांनी कचऱ्याचा डबा ओट्यावर ठेवला होता, तोही झाकणाला दोन्हीकडून खटके असलेला. जमिनीवर कागदाचा कपटा सापडायचा नाही.

हे सगळं पुठ्ठ्यासाठी. पुठ्ठ्या म्हणजे त्यांचा कुत्रा. कारखान्याच्या फाटकाशी कोणीतरी खोक्यात घालून सोडून दिलेलं पिल्लू. रंगही खोक्याचाच, म्हणून नाव पुठ्ठ्या. बायको गेल्यानंतर त्या दोन खोल्यांत सुपरवायझरांचं बोलणं उठून न जाता ऐकणारं तेवढंच एक राहिलं होतं. अशा या माणसाच्या हातून भलतंच होऊन बसलं, आणि ते निष्काळजीपणामुळे नव्हे तर अंगच्या कसबामुळे झालं.

सुपरवायझरांना साखरेचा आजार. मागच्या वर्षी पायाच्या अंगठ्याला झालेली जखम काही केल्या भरेना, तेव्हा त्यांच्या लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. लेक औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करायची, अशा जखमांचं पुढे काय होतं ते तिने जवळून पाहिलेलं. जखम एकदाची भरली तेव्हा तिने त्यांना समोर बसवून अट घातली. एकटं राहायचं असेल तर खुशाल राहा. पण पुन्हा गोड खाताना सापडलात तर त्याच दिवशी बिऱ्हाड गुंडाळून माझ्याकडे यायचं. आणि आमच्या घरमालकांना कुत्रा चालत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. सुपरवायझरांनी तेव्हा पुठ्ठ्याकडे पाहिलं होतं आणि कानाला खडा लावला होता.

खडा फार दिवस टिकला नाही. जेवण झाल्यावर जीभ वळवळायची. लेक तर हुशार; दर रविवारी यायची, आठवड्याची औषधं डबीत लावून द्यायची आणि जाताना कचरा टाकायच्या निमित्ताने ओट्यावरचा तो डबा पार तळापर्यंत उलथापालथा करून बघायची. बापाची दया येऊन तिनेच दुकानातून शुगर-फ्री टॉफ्यांचं पाकीट आणायला सुरुवात केली. देताना बजावलं की यात साखरेऐवजी घातलेलं झायलिटॉल माणसाला चालतं पण कुत्र्याला विष आहे, पुठ्ठ्याच्या वाऱ्याला ठेवू नका. सुपरवायझर म्हणाले, पाकिटातलं तू मला शिकवू नकोस.

ती टॉफी त्यांनी तोंडात टाकली आणि बेसिनमध्ये थुंकली. मग त्यांना युक्ती सुचली. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी दुधाच्या साध्या टॉफ्या आणल्या, त्यांचे कागद सोडले आणि प्रत्येक टॉफीला शुगर-फ्रीचा चंदेरी कागद गुंडाळून दोन्ही टोकांना पीळ दिला. मशीनने द्यावा तसा पीळ. भरलेल्या पाकिटाचं तोंड गरम इस्त्रीच्या कडेने बंद केलं, की लेकीने काय, कारखान्याच्या मालकानेही ओळखलं नसतं. खऱ्या शुगर-फ्री टॉफ्या शेजारच्या आजींना जायच्या. त्यांनाही साखरेचाच आजार, त्या सुपरवायझरांना देवमाणूस समजत. उरायचे साध्या टॉफ्यांचे कागद. ते घरच्या डब्यात टाकायची सोय नव्हती, कारण डब्याची तपासणी होती. म्हणून ते कारखान्याच्या सवयीप्रमाणे दाबून दाबून गोळा करायचे, वरून चिकटपट्टी आवळायचे, आणि संध्याकाळी फिरायला गेले की चौकातल्या कचरापेटीत टाकून यायचे.

त्या दुपारी त्यांचा हा उद्योग नुकताच आटोपला होता. गोळा चांगला लिंबाएवढा झाला होता. पुठ्ठ्या टेबलाखाली बसून लाळ गाळत होता आणि सुपरवायझर एक टॉफी गालात ठेवून डोळे मिटून बसले होते, तेवढ्यात बेल वाजली. पुठ्ठ्या भुंकत दाराकडे धावला. बाहेरून लेकीचा आवाज आला. तिला दुकानातून लवकर सुट्टी मिळाली होती. सुपरवायझरांनी टॉफी सबंध गिळली, टेबलावरच्या टॉफ्या आणि तो गोळा पाकिटात कोंबला, पाकीट सोफ्याच्या गादीखाली सारलं आणि दार उघडलं.

लेक नेहमीसारखी तडक स्वयंपाकघरात गेली, औषधांची डबी काढली. सुपरवायझर पाठोपाठ गेले, कारण ती काय विचारेल आणि आपण काय सांगायचं याची जुळवाजुळव त्यांच्या डोक्यात चालू होती. या गडबडीत पुठ्ठ्या बाहेरच्या खोलीतच राहिला, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. औषधं लावून होत आली तेव्हा बाहेर टर्रकन आवाज झाला. प्लास्टिक दातांनी फाडल्याचा आवाज. तो त्यांना झोपेतही ओळखू आला असता.

दोघं बाहेर आले तेव्हा गादी खाली पडली होती, पाकिटाच्या चिंध्या झाल्या होत्या आणि पुठ्ठ्या मिशा चाटत उभा होता. लेकीने एक चिंधी उचलली. तिच्यावर शुगर-फ्रीची निळी अक्षरं होती. ती अक्षरं वाचताना तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला, आणि पुढच्या क्षणी तिने पुठ्ठ्याला उचललंसुद्धा. रिक्षा बोलवा, म्हणाली, चपला घाला, वेळ नाही आपल्याकडे.

रिक्षात लेकीच्या मांडीवर पुठ्ठ्या ऐसपैस बसून वारा खात होता आणि ती फोनवर पुठ्ठ्याच्या डॉक्टरीणबाईंना सांगत होती: पाकीट जवळजवळ भरलेलं होतं, कागदांसकट खाल्ल्यात, हो, झायलिटॉलच. सांगायला हवं, असं सुपरवायझरांच्या मनात आलं. पण का सांगायचं? टॉफ्या तर साध्या दुधाच्या. विष नाहीच पोटात. डॉक्टरीणबाई तपासतील, काही नाही म्हणतील, संध्याकाळी कुत्रा घरी. तोंड उघडलं तर मात्र कुत्रा जाणार आणि घरही जाणार. एवढा हिशेब त्यांनी केला, आणि गोळ्याची आठवण त्यांना त्या हिशेबात झालीच नाही.

ती झाली दवाखान्यात. डॉक्टरीणबाई, बारीक चणीच्या आणि भराभर बोलणाऱ्या, दारातच उभ्या होत्या. त्यांनी पुठ्ठ्याला टेबलावर घेऊन उलटी व्हायचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने पुठ्ठ्याने ट्रेमध्ये ओकून टाकलं: दुधाळ लगदा, त्यात चंदेरी कागद, काही सुटलेले, काही अजून पीळ घातलेले. लेकीने सुस्कारा सोडला. सुपरवायझर ट्रेवर ओणवे झाले. मदतनिसाच्या हातातला चिमटा घेऊन त्यांनी लगदा इकडेतिकडे केला. गोळा त्यात नव्हता.

"काय शोधताय, काका?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही, कागद मोजतोय," ते म्हणाले.

मग पुठ्ठ्याच्या कानाला टोचून साखर बघितली. झायलिटॉल पोटात गेलं की कुत्र्याच्या रक्तातली साखर झरझर उतरते, म्हणून हे बघायचं. साखर ठीक होती. तरी डॉक्टरीणबाईंनी ग्लुकोजची सलाईन लावली. म्हणाल्या, काही वेळा उशिरा उतरते, यकृतावरही येतं, आज सोडणार नाही. कागदांचं काय ते विचारलं लेकीने. बारीक कागद एखाद-दुसरा राहिला असला तर जाईल शौचावाटे, आपली लढाई विषाशी आहे, असं म्हणून त्या पुढच्या मांजराकडे वळल्या.

सुपरवायझर बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. समोरच्या भिंतीवर दातांची निगा राखण्याबद्दलचं चित्र होतं, ते त्यांनी कितीदा वाचलं कोण जाणे. गोळा घरीच असेल. सोफ्याखाली गेला असेल घरंगळत. एवढी चिकटपट्टी आवळलेली वस्तू कुत्रं गिळेल कशाला? पण वास दुधाचा, आणि पुठ्ठ्या कधी चावून खायचाच नाही. आतल्या खोलीत पुठ्ठ्या एकदा घशातून खर्र आवाज काढून थांबला आणि सुपरवायझर उभेच राहिले. त्याचं पांघरूण घेऊन येतो घरून, असं त्यांनी लेकीला सांगितलं. तिने मान हलवली. ती फोनवर काहीतरी वाचत होती आणि डोळे पुसत होती.

रिक्षावाल्याला त्यांनी वाटेत तीनदा घाई केली आणि सिग्नलशी उगाच वाद घातला. घरी शिरल्यावर दार उघडंच टाकून ते जमिनीवर आडवे झाले. सोफ्याखाली हात घातला, मग छत्री घातली, मग सोफाच ओढला. धुळीचा एक कण नव्हता, गोळा कुठून असणार. टेबलाखाली बघितलं, पडद्यामागे बघितलं, पुठ्ठ्याच्या गादीची खोळ उलटी केली. स्वयंपाकघरात तर तो गेलाच नव्हता, तरी तिथेही बघितलं. वयाला न शोभणाऱ्या वेगाने ते त्या दोन खोल्यांत गरगर फिरत होते. शेजारच्या आजी दारात येऊन विचारू लागल्या की काय हरवलं. त्यांना काय सांगणार.

शेवटी दाराजवळच्या पायपुसण्याच्या काठाला काहीतरी चमकलं. चिकटपट्टीचं टोक. बोटभर लांबीचं, लाळेने ओलं, आणि त्यावर दातांच्या खुणा स्पष्ट. म्हणजे गोळा त्याने इथे आणला, सोलायचा प्रयत्न केला आणि सोलला जाईना तेव्हा गिळला. सुपरवायझर त्या पायपुसण्यावर बसून राहिले. त्यांच्याच हाताने आवळलेली पट्टी होती. सुटणार कशी?

परतीच्या वाटेवर एक मन म्हणे, कुत्री दगड खातात, चेंडू खातात, जगतात. हाही जाईल बाहेर. दुसरं मन गप्प बसेना. त्यांना खात्यातला एक पोऱ्या आठवला. खाऱ्या बिस्किटांच्या पाकिटात त्याने गोड बिस्किटं भरली होती, संपलेल्या मालाची कसर काढायला. विचारलं तर म्हणाला, साहेब, दोन्ही बिस्किटंच, कोणाला काय कळतंय. त्याला त्यांनी त्याच दिवशी कामावरून काढलं होतं आणि वर सगळ्या खात्याला उभं करून सांगितलं होतं की पाकिटावर एक आणि आत एक हे आपल्याकडे चालणार नाही. किती ताठ मानेने सांगितलं होतं. आणि आता म्हातारपणी स्वतःच्या लेकीला तेच करून दाखवलं, तेही त्याच्यापेक्षा सफाईने.

सांगितलं तर पुठ्ठ्या कोणाकडे जाईल, हेही डोळ्यांपुढे येत होतं. कोणीतरी नेईल. गोदामाच्या दाराशी साखळीने बांधेल. बेल वाजली की भुंकतो म्हणून दांडकं घालेल. रिक्षा दवाखान्यापाशी थांबली तरी ते उतरेनात; रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं तेव्हा उतरले.

आत पुठ्ठ्या टेबलावर उभा होता, पाठ कमानीसारखी वर, मान खाली. पोट आत ओढून ओढून तो ओकायला बघत होता आणि लाळेच्या तारेशिवाय काही पडत नव्हतं. पोट फुगल्यासारखं दिसत होतं. मदतनीस म्हणत होता, इंजेक्शनचा असर असेल अजून. डॉक्टरीणबाई पुन्हा साखर बघत होत्या आणि भुवया उंचावून यंत्राकडे पाहत होत्या. साखर उतरायचं नाव घेत नव्हती. यकृताची तपासणी करू या, त्या म्हणाल्या, मला हे कळत नाहीये.

"पांघरूण कुठंय, बाबा?" लेकीने विचारलं.

सुपरवायझरांच्या एका हातात छत्री होती, ती का आणली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दुसरी मूठ त्यांनी टेबलावर उघडली.

"डॉक्टरीणबाई, पाकिटावर लिहिलं होतं ते आत नव्हतं," ते म्हणाले. "टॉफ्या साध्या होत्या. दुधाच्या, साखरेच्या. मी बदलल्या होत्या. विष नाही त्याच्या पोटात. पण त्यांच्या कागदांचा गोळा आहे, लिंबाएवढा. वरून ही पट्टी आवळलेली आहे, माझ्या हाताने. ती सुटायची नाही."

डॉक्टरीणबाईंनी पट्टी उचलून उजेडात धरली.

"गिळला हे नक्की?"

"घर पालथं घातलं. नक्की."

"मी उलटीचं इंजेक्शन दिलं तेव्हा तुम्ही इथेच उभे होतात," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं वाटलं असतं. "असला गोळा उलटीबरोबर वर येऊन अन्ननलिकेत अडकला असता तर माझ्या टेबलावरच गेला असता हा. ट्रेमध्ये तेच शोधत होतात ना?"

सुपरवायझरांनी होकारार्थी मान हलवली. मग सगळं भराभर झालं. पोटाचा फोटो काढला. त्यात पोटातून आतड्यात उतरायच्या तोंडाशी ती गोल सावली घट्ट बसलेली दिसली. पोट उघडावं लागेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि आत्ताच. कुठल्याशा कागदावर सही करायची होती ती लेकीने केली. पुठ्ठ्याला आत नेताना त्याने मान वळवून दोघांकडे पाहिलं आणि शेपूट थोडंसं हलवलं. दार बंद झालं.

बाकावर दोघं बसले, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. सुपरवायझर तिच्याकडे चोरून बघत होते आणि ती समोरच्या दाराकडे. मग तिने विचारलं, कधीपासून. त्यांनी खरं ते सांगितलं: पहिल्या पाकिटापासून. तुम्हाला आवडत नाहीत तर आणू नको म्हणायचं होतं, ती म्हणाली, मी दर वेळी दुकानात हसून घ्यायची की माझे बाबा आता शहाण्यासारखे वागायला लागलेत.

"कागदसुद्धा बदललेत," ती म्हणाली. "एकेका टॉफीचा?"

"हो."

"मी एक उघडून खाल्ली होती मागच्या रविवारी. मनात म्हटलं, हल्ली चव सुधारली यांची."

सुपरवायझरांना हसू आलं आणि त्याच क्षणी आपण हसतोय याची लाज वाटली. लेक मात्र हसली नाही. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. रिपोर्ट बघून रडायची मी घरी, ती म्हणाली, वाटायचं औषधच लागू पडत नाहीये, आता इन्शुलीनवर जाणार तुम्ही. बंद दाराआडून धातूवर धातू आपटल्याचा आवाज आला आणि दोघांनीही एकदम तिकडे पाहिलं. सुपरवायझर उठून दारापर्यंत जात, कान देत, परत येत. पायाचा बरा झालेला अंगठा ठणकत होता, तरी त्यांना बसवत नव्हतं.

शेवटी दार उघडून मदतनीस बाहेर आला. त्याच्या हातातल्या स्टीलच्या ट्रेमध्ये तो गोळा होता, काळपट आणि आणखी आवळलेला. पट्टीचं एक टोक तेवढं तुटलेलं, बाकी जशीच्या तशी. निघाला, तो म्हणाला, श्वास चांगला चालू आहे, डॉक्टर टाके घालतायत. सुपरवायझर मटकन बाकावर बसले. लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईही येऊन सांगून गेल्या. दोन दिवस इथेच राहील. नंतर टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा शंकू, पातळ खाणं, आणि ज्या घरात जमिनीवर काही म्हणजे काही पडत नाही अशाच घरात ठेवायचा. हे शेवटचं त्या सुपरवायझरांकडे बघून बोलल्या. एरवी याच विषयावर त्यांनी डॉक्टरीणबाईंना व्याख्यान दिलं असतं.

त्या गेल्यावर सुपरवायझर लेकीकडे वळले. बोलायचं ते त्यांनी मनाशी केव्हाच जुळवून ठेवलं होतं.

"मी येतो तुझ्याकडे," ते म्हणाले. "ठरलं होतं तसं. कुरकुर करणार नाही. फक्त त्याच्यासाठी बरं घर बघ. साखळीने बांधणारं नको. आणि तो बरा होईपर्यंत मला रोज इथे येऊ दे."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा ओढल्यासारखा झाला, आणि सुपरवायझरांना वाटलं की आता ही ओरडणार. पण ती ओरडली नाही.

"बाबा, कुत्रा चालत नाही असं घरमालक कधी म्हणाले नाहीत," ती म्हणाली. "मी त्यांना विचारलंच नव्हतं."

त्यांना ते नीट कळायला वेळ लागला.

"मग?"

"मग काय. दुसऱ्या कशाला तुम्ही घाबरत नाही. पायाला घाबरला नाहीत, इंजेक्शनला घाबरला नाहीत. पुठ्ठ्याला सोडावं लागेल म्हटलं की तेवढं ऐकायचात."

सुपरवायझरांना राग आला. खरा, अंग तापवणारा राग. दर रविवारी बेल वाजली की त्यांच्या छातीत धडधडायचं. पुठ्ठ्या कोणाच्या तरी दाराशी बांधलेला आहे अशी स्वप्नं पडायची. आणि त्यामागे काही नव्हतंच. नुसती एक थाप. तुला लाज नाही वाटली, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. समोरच्या बाकावर, मदतनिसाने ठेवून दिलेल्या ट्रेमध्ये तो गोळा होता. त्यांनी तोंड मिटलं.

लेक रडत होती. मी धाक घातला नसता तर तुम्ही कागद डब्यात टाकले असते, ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, डब्याला खटके होते, त्याला मिळालेच नसते. सुपरवायझर सरकून मधल्या जागेत बसले. धाक नसता तरी मी खाल्लंच असतं, ते म्हणाले, ते तू स्वतःवर घेऊ नको. पण कागद डब्यात टाकले असते, हे तिचं खरंच होतं, आणि ते खोडून काढायला त्यांना जमेना.

"विचार मग आता त्यांना," ते म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर."

तिने ओढणीने नाक पुसलं आणि फोन लावला. पलीकडून घरमालकांचा म्हातारा, मोठा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. काका, एक विचारायचं होतं, ती म्हणाली. माझे वडील राहायला येतायत आमच्याकडे, त्यांचा एक कुत्रा आहे, तो आणला तर चालेल का? पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. कुत्र्याचं काही नाही, घरमालक म्हणाले, पण आमच्या हिला दुपारची झोप लागते. भुंकतो का तो?

लेकीने फोन छातीशी धरून बापाकडे पाहिलं. नाही म्हणू का, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, आणि त्या एका शब्दाने सगळं जमून गेलं असतं.

"भुंकतो," सुपरवायझर म्हणाले. "बेल वाजली की हमखास भुंकतो. सांगून टाक त्यांना."